मुठीच्या मडक्याचा रविवार

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि ऐन उमेदीत मी फार बढाईखोर होतो. आता दौंडला बन्यामीन फिटरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये कपाटावर बसून असतो. घशात खरखर भरली आहे आणि काटा एकाच जागी अडकून बसला आहे. येणारेजाणारे माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "हा बघा गिदोन मास्तरांचा रेडिओ. ह्याच्यापुढं बसून अख्खी मंडळी उपासना करायची." तसं कोणी म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. का होतं, ते आज सांगून टाकतो. जुन्या वस्तूंनी आपलं कौतुकच सांगत बसावं असा काही कायदा नाही.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यातला. सागवानी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, पोटात चार व्हॉल्व. व्हॉल्व म्हणजे काचेचे छोटे दिवे. ते तापल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पाठीशी विटेएवढी जाड बॅटरी. गिदोन मास्तर शिरूरच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती मंडळीनं निरोपाची भेट म्हणून मला त्यांच्या हवाली केलं. मास्तरांनी मला मांडीवर घेऊन एसटीनं आपल्या गावी, केंदूरला आणलं. वाटेत खड्डा आला की ते माझ्यावर हात ठेवत. एवढ्या मायेनं मला कोणी त्याआधी धरलं नव्हतं.

केंदूरला ख्रिस्ती घरं तीनच. मास्तरांचं, दौंडला रेल्वेत नोकरीला असलेला त्यांचा भाचा बन्यामीन आणि त्याची बायको मार्था यांचं, आणि तीन म्हाताऱ्या भावंडांचं. चर्च राहिलं लांब शिरूरला. त्यामुळे रविवारी सगळे माझ्यापुढे जमत. मास्तरांच्या पत्नी कृपाबाई माझ्यावरचा क्रोशाचा रुमाल दोन्ही हातांनी उचलत. माझ्याकडे पाय करून बसलेलं त्यांना चालत नसे. मार्था तर मला 'देवाचं तोंड' म्हणायची. मग काय, मी हरभऱ्याच्या झाडावरच चढलो. बोलणारा पुण्याच्या केंद्रात बसलेला असे आणि फुशारकी मी मारी.

माझी जागा खिडकीजवळच्या फळीवर. त्या खिडकीखाली, बाहेरच्या बाजूला, दर रविवारी एक बाई येऊन बसायची. ती धुरपदाबाई. पलीकडच्या बौद्ध वस्तीतली, नवरा नसलेली, कष्टाला वाघीण. उपासनेशी तिला देणंघेणं नव्हतं, तिला गाण्याचा नाद. आत या म्हटलं तर म्हणायची, "मला हितंच बरं हाय. वारा लागतो." कृपाबाईंनी तिच्यासाठी एक पोतं कायमचं तिथं अंथरून ठेवलं होतं. दोघींचा जिव्हाळा होता, हे मी मुद्दाम सांगतो. जे घडलं ते वैरातून घडलं नाही. वैरातून घडलं असतं तर मला इतकी शरम वाटली नसती.

अजून एक वस्तू सांगायची राहिली. कृपाबाईंच्या चुलीजवळ एक मडकं असे. रोज दळणाला दाणे घेताना त्यातली एक मूठ आधी त्या मडक्यात जाई. तिन्ही घरांत हीच रीत. रविवारी उपासना झाली की ते मुठीचं मडकं हातोहात फिरे आणि ज्याला जे जमेल ते तो त्यात टाकी. मडकं कोणाला वगळून पुढे जात नसे. तान्ह्या पोराच्या मुठीतूनसुद्धा चार दाणे टाकवत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरींनी तळ दाखवले. बाजरीचं नाव निघेना, लोक रेशनची लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, खाऊ लागले. धुरपदाबाई आणि तिची सून अंजना तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. कामावर दुपारी सुकडी मिळे, म्हणजे गोडसर भरड पीठ. तेवढा आधार होता. अंजना पोटुशी होती तरी सातव्या महिन्यापर्यंत हातोडा सोडला नाही तिनं.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात एका रविवारी पुण्याहून मोठा कार्यक्रम होणार होता. आधी उपासना, मग शास्त्रीय गायन आणि शेवटी दुष्काळग्रस्तांसाठी मदतीचं आवाहन. मास्तरांनी माझ्यासाठी नवी बॅटरी आणली. मी तर आदल्या दिवसापासून हवेत होतो.

आता जे मला मागाहून कळलं ते तुम्हाला आधीच सांगतो, कारण लपवून ठेवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. अंजना बाळंत होऊन सहा दिवस झाले होते. कामावरचा पगार दोन आठवडे आला नव्हता. धुरपदाबाईच्या घरात दाणा नव्हता आणि बाळंतिणीला दूध उतरत नव्हतं. जन्मात कोणापुढे हात न पसरलेली ती बाई त्या रविवारी मागायला आली होती.

सकाळी आठला ती आली, ती खिडकीशी नाही, दाराशी. पण आत सगळ्यांच्या माना प्रार्थनेत खाली होत्या. मी घसा साफ करून दणक्यात प्रार्थना सांगत होतो. कृपाबाईंनी एक डोळा उघडला, तिला पाहून गोड हसल्या आणि हातानं खूण केली, बसा. धुरपदाबाई क्षणभर घुटमळली. मग जाऊन नेहमीच्या पोत्यावर बसली.

उपासना संपली. कृपाबाईंनी खिडकीतून कोरा चहा दिला. कप हातात धरून धुरपदाबाई म्हणाली, "कृपाबाई, जरा काम व्हतं."

"सांगा की."

"म्हंजी... घरात..."

तेवढ्यात तंबोरे लागले. मास्तरांनी बोट ओठांवर ठेवलं. "श्श! तोडी लागला. धुरपदाबाई, हा राग बोलत बोलत ऐकायचा नसतो. पाप लागतं." त्यांनी ते थट्टेनं म्हटलं आणि डोळे मिटले. मास्तर संगीताचे वेडे, शाळेत पोरांना भजनं शिकवण्यात त्यांची हयात गेलेली. कृपाबाई हळूच म्हणाल्या, "गाणं हुंद्या. मग निवांत बोलू."

गाणं तासभर चाललं. आणि सांगायला जीभ जड होते, पण त्या दिवशी माझा आवाज लागला होता! एकही खरखर नाही. विलंबित संपवून बुवा द्रुतला आले तशी मास्तरांची मान डोलायला लागली. खिडकीखाली धुरपदाबाई गुडघ्यावर हनुवटी टेकून बसली होती. मला वाटलं, काय तल्लीन झाली आहे! मी आणखी फुललो. तिच्या कानात त्या वेळी घरातल्या तान्ह्याचं रडणं असेल, हे मला सुचलंही नाही.

गाणं संपताच धुरपदाबाईनं पुन्हा तोंड उघडलं, तोच आवाहन सुरू झालं. बोलणाऱ्या बाईंचा आवाज मधासारखा. आपल्या ताटातला एक घास बाजूला काढा, अमक्या ठिकाणी पोरं उपाशी आहेत, तमक्या गावात चूल पेटलेली नाही. मार्थानं पदर डोळ्यांना लावला. म्हातारी भावंडं गलबलून गेली. आवाहन संपायच्या आत कृपाबाईंनी मुठीचं मडकं आणलं. "आज हे सगळं बन्यामीनबरोबर दौंडला धाडू. तिथून गाडीनं पुण्याला जाईल."

मडकं फिरलं. सगळ्यांनी टाकलं. मार्थानं ते झाकायला घेतलं, तशा कृपाबाई म्हणाल्या, "अगं, धुरपदाबाई राहिल्या."

"त्यांच्याकडं कशाला, मामी? त्या आपल्या मंडळीतल्या न्हाईत."

"म्हणून वगळायचं व्हय? आजवर लोकांनी वगळलंच त्यास्नी. आपण तरी परकं करू नये." आणि कृपाबाईंनी दोन्ही हातांनी मडकं खिडकीबाहेर धरलं.

मित्रांनो, सगळी चूक ह्या चांगुलपणात होती. धुरपदाबाईनं मडक्याकडे पाहिलं. मग वर कृपाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मान हे मोठ्या अवघड गोष्टीचं नाव आहे. मागायला आलेली बाई मानानं पुढे केलेल्या मडक्यात हात घालून मूठभर काढून घेऊ शकत नव्हती. तिनं पदराची गाठ सोडली. त्यात शनिवारची सुकडी होती, स्वतः न खाता सुनेसाठी राखलेली. ती तिनं मडक्यात टाकली आणि पदर झटकला.

मास्तर उठून उभे राहिले. त्यांनी सगळ्यांना बायबलातल्या, जवळच्या दोनच दमड्या देऊन टाकणाऱ्या गरीब विधवेच्या दानाची गोष्ट सांगितली आणि धुरपदाबाईसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. "काय काम होतं म्हणालात?" कृपाबाईंनी मग विचारलं.

"काय न्हाई. सहज आलते," धुरपदाबाई म्हणाली आणि उठून गेली.

दुपारी कृपाबाई मडकं पोत्यात रिकामं करायला बसल्या. बन्यामीनची एसटी यायची होती. दाण्यांवरची सुकडी त्यांनी चिमटीत घेतली, हुंगली आणि त्यांचा हात थांबला. "मार्था, ही तर कामावरची. अंजना बाळंतीण ना गं? तिच्या तोंडची ही."

मार्था म्हणाली, "मामी, त्यांच्या चुलीचा धूर मला कालपासनं दिसला न्हाई."

"मग सकाळी धुरपदाबाई आल्या कशाला व्हत्या?"

कोणी काही बोललं नाही. मी मात्र बोलत होतो. नभोवाणीवर कसलीशी पदं लागली होती आणि मी ती आळवत होतो. कृपाबाई ताडकन उठल्या, माझी खुंटी पिळली आणि मडकं काखेला मारून अनवाणी निघाल्या. इतक्या रागानं मला कोणी कधी बंद केलं नव्हतं. माझे व्हॉल्व थंड होत गेले आणि तेव्हा कुठं मला समजलं की सकाळपासून ती बाई तीनदा बोलायला गेली आणि तिन्हीदा आड मी आलो.

पुढचं मी कृपाबाईंच्या तोंडून ऐकलं. संध्याकाळी त्या मास्तरांपुढे रडत सांगत होत्या. धुरपदाबाईनं मडकं दारातच अडवलं. म्हणाली, "दिलेलं परत घेत न्हाईत, कृपाबाई. घरी न्या." कृपाबाईंनी पाय धरले तरी ऐकेना. शेवटी आतून अंजनाच भिंतीला धरून बाहेर आली. "आत्या, तुमचा मान तुम्ही ठेवा. माज्या लेकराला दूध पायजे," असं म्हणून तिनं मडकं ओढून घेतलं. धुरपदाबाईनं तोंड फिरवलं. पण मडकं परत ओढलं नाही.

"आपण त्यांना चहा पाजला आणि मी श्श म्हणून बसवलं," मास्तर म्हणाले. "आयुष्यभर पोरांना शिकवलं, अन् मला दारातलं माणूस वाचता आलं नाही." त्यांनी त्यानंतर मला महिनाभर लावलं नाही.

लेकरू जगलं. मुलगी होती. आता सहा वर्षांची असेल. मुठीचं मडकं कृपाबाई त्या दिवसापासून दाराबाहेर, झाकण न घालता ठेवू लागल्या. टाकणारा टाकी, लागेल तो नेई, कोण ते कोणी बघत नसे. पण धुरपदाबाई पुन्हा खिडकीखाली आली नाही. रस्त्यात भेटली तर "जय भीम, कृपाबाई" म्हणायची, बाळाचं बरं आहे सांगायची आणि चालू लागायची. पोतं बरेच दिवस तिथं होतं. मी किती चांगली गाणी म्हटली! एकदा तर पुन्हा तोडी लागला. खिडकीखाली कोणी नव्हतं.

मास्तर गेले, कृपाबाई थकल्या, आणि बन्यामीन मला दौंडला घेऊन आला. मित्रांनो, आमच्यासारखी जुनी मंडळी शेवटी विनवणी करतात, की आम्हाला पुसा, जपा, माळ्यावर टाकू नका. माझं तसं काही मागणं नाही. धूळ बसली तर बसू द्या. एवढंच करा. तुमच्या घरात रेडिओ लागलेला असेल, प्रार्थना असो, गाणं असो की गरिबांसाठी कळकळीचं भाषण असो, आणि दाराशी कोणी येऊन उभं राहिलं, तर आधी उठा आणि खुंटी फिरवा. त्याला क्षणभरही लागत नाही. केंदूरच्या त्या घरात त्या सकाळी सात भली माणसं बसली होती, आणि तेवढं एकालाही सुचलं नाही.