अर्धा चमचा, मग थांबा

मी चमचा बोलतोय. स्टीलचा, साधा, तुम्ही पोहे खायला घेता तसला. उरवड्याच्या एका कारखान्यात पत्र्यातून कापून निघालो आणि अकरा भावंडांबरोबर कासार आंबोलीजवळच्या एका पुनर्वसन केंद्रात आलो. मेंदूला इजा झालेली माणसं तिथे पुन्हा चालायला, बोलायला शिकतात. मला वाटायचं, आपलं काम ते काय! भरायचं आणि रिकामं व्हायचं. माणसाचं गिळणं म्हणजे काय असतं, ते मला गेणबांमुळे कळलं.

गेणबा कोळवणचे भातशेतकरी. पक्षाघातानं उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, गिळणंही गेलं. नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यायचे, तरी एकसष्ट किलोचा गडी दोन महिन्यांत बावन्नवर आला. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, "अन्न कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू खातं. मग व्यायाम कशाच्या जोरावर करणार?" डॉक्टरांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. तोवर तोंडानं पुरेसं जेवले नाहीत, तर पोटाला छेद देऊन नळी बसवायची.

त्यांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, ते ऐकून पदर तोंडात धरला.

गिळायला शिकवणारी थेरपिस्ट, किमया, मला रोज हातात घ्यायची. गेणबांना ताठ बसवायचं, हनुवटी खाली, अर्धा चमचा, मग थांबायचं. ती मला आधी वाटीवर तिरका करून बघायची. घास थेंब थेंब गळायला नको, चिकटून राहायलाही नको. एकदम सुटायला हवा.

मी पहिल्यांदा गेणबांच्या जिभेवर टेकलो आणि गार पडलो. काहीच हलेना. मग कुठून तरी हुकूम आला. जीभ मागे सरली, गळ्यातला कंठमणी वर उचलला गेला, श्वास पळभर थांबला, हवेची वाट मिटली, अन्नाची उघडली. सगळं एका क्षणात! तुम्ही दिवसातून शेकडो वेळा हे करता आणि टीव्ही बघत करता. मला तर ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, बघा तरी!

पण लीलाबाईंना ते लगद्यासारखं अन्न पटत नव्हतं. एका दुपारी किमया दुसऱ्या रुग्णाकडे गेली, तशी त्यांनी पिशवीतून डबा काढला. आंबेमोहोराची पातळ पेज, वर तूप. "घ्या वो, आपल्या घरची हाय," म्हणत त्यांनी मला काठोकाठ भरलं. एक, दोन, तीन. गेणबांना ठसका लागला नाही. डोळ्यांत फक्त पाणी आलं.

संध्याकाळी ताप चढला. पेज फुप्फुसात गेली होती. तोंडाचं खाणं चार दिवस बंद, मुदतीतले चार दिवस वाया. मी माझ्यावरच चिडलो होतो. मी नुसता घास वाहत राहिलो होतो.

"मावशी, किती वेळा सांगितलं तुम्हाला!" किमयाचा आवाज चढला.

"बेचाळीस वर्सं जेवू घालतीया मी यास्नी. आजाऱ्याला पेजच देत्यात आमच्यात!"

"पातळ थांबत नाही घशात. हवेची वाट मिटायच्या आधीच वाहून जातं."

लीलाबाईंनी वाटी पुढ्यात ओढली. बराच वेळ मला वाटीत तिरका करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भात लावतो त्या आवणीच्या चिखलावानी म्हण की. लई पातळ झाला तर रोप वाहून जातं, घट्ट झाला तर बोट शिरत न्हाई."

जाडजूड पुस्तकांत जे पानंच्या पानं लिहिलेलं असतं, ते या बाईच्या बोटांत होतं.

त्या दिवसापासून स्वयंपाकघरात लीलाबाई उभ्या. मऊ भात, मुगाची डाळ, उकडलेलं अंडं, तूप, सगळं वाटून चाळणीतून गाळायचं आणि मला तिरका करून बघायचं. "सुटला बघ!" मग अर्धा चमचा, आणि थांबायचं. एक वाटी संपायला पाऊण तास लागायचा. मी मुळात उतावळा, पण त्या थांबण्यात मला कधी कंटाळा आला नाही.

मुदत संपायला दोन दिवस असताना गेणबांनी घास गिळला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "मीऽठ... न्हाई."

"आगं बया!" लीलाबाई रडत हसल्या. "आडीच म्हैन्यांनी तोंड उघडलं, ते नावं ठेवायला!"

पोटातली नळी टळली, नाकातलीही निघाली. वजन छप्पनवर गेलं, तेव्हा गेणबा दोघांच्या आधारानं उभे राहिले. पुढे एका दुपारी त्यांनी मला ताटाच्या कडेला ठेवलं आणि उजव्या हाताची थरथरती बोटं भातात घातली. मी बाजूला पडून तो घास वर जाताना पाहिला. कामावरून निघणं इतकं गोड असतं?

घरी जाताना लीलाबाईंनी मला मागून घेतलं. हल्ली कोळवणला मिठाच्या बरणीत असतो. चकाकी गेली आहे, चालायचंच. तुमच्या घरी कुणी असं आजारी असेल, तर प्रेमानंही घाई करू नका. आधी गिळायला शिकवणाऱ्याला विचारा, मग माझ्यासारख्याला अर्धाच भरा, आणि गिळेपर्यंत थांबा.

रोज जेवताना गेणबांचा उजवा हात बरणीत शिरतो. "डागतरनं वरनं मीठ घ्यू नका सांगितलंय!" म्हणत लीलाबाई मला त्यांच्या मुठीतून ओढतात.

आणि आता त्यांना चांगला जोर लावावा लागतो.