चाळीस बाय वीसचे सर

अकराव्या प्रश्नाला परीक्षेचं प्लगइन पुन्हा मेलं. कालही अकराव्यालाच मेलं होतं.

"अब्बा, गेलं," सदफ म्हणाली.

पडद्यावर ब्राउझरची करडी पाटी आली होती, प्लगइन बंद पडले, क्षमस्व. निदान त्याला क्षमा मागायची तरी रीत होती. तिच्याखाली महाज्ञान क्लासेसची लाल ओळ होती: 'विद्यार्थिनी परीक्षा सोडून उठली. शिल्लक संधी : एक.'

"मी कुठं उठले? इथंच तर बसलेय सकाळपासून!"

जलीलने ती पाटी बंद केली. लातुरात क्लासेसच्या गल्लीत त्याचं सहा कॉम्प्युटरांचं नेट कॅफे होतं. दोन हजार अकरा साल होतं, आणि त्या गल्लीत दर दोन घरांमागे एक क्लास निघाला होता. उरलेल्या घरांत क्लासला आलेली पोरं राहत होती. महाज्ञानच्या ऑनलाइन प्रवेश परीक्षेत पहिल्या चाळिसात जो येईल, त्याला दोन वर्षं फी माफ. बाकीच्यांची फी ऐकून जलील एकदा खुर्चीवर बसला होता, तो चहा आल्यावरच उठला. म्हणजे सदफचं डॉक्टर होणं आता त्या एका संधीवर टेकलं होतं. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचची, आणि आज गुरुवार, दुपारचे बारा.

जलीलने महाज्ञानच्या आयटी प्रमुखांना फोन लावला. आयटी प्रमुख म्हणजे बसवराज, संस्थापक वीरभद्र सरांचा सख्खा मेहुणा. गेल्या वर्षापर्यंत तो चौकात फ्लेक्स छापायचा.

"जलीलभाई, तुमच्याकडं मशीनच जुन्या हायत," बसवराज म्हणाला.

"सहाच्या सहा मशीनवर अकराव्यालाच जुनं होतंय का?"

"मग जमीन असंल. आपल्या लातुरात अजून बारीक बारीक हादरे चालू हायत. हार्डडिस्कला कळतंय ते."

"आणि तुमच्या हाफिसात?"

"सर म्हणलेत, आपलं सॉफ्टवेअर भूकंपरोधक हाय," असं म्हणून बसवराजने फोन ठेवला.

सरांचा भूकंपावर हक्कच होता. चौकातल्या बोर्डावर त्यांचा हाताची घडी घातलेला फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'भूकंपातून उभा राहिलेला ज्ञानाचा डोंगर'. वास्तविक त्र्याण्णवच्या त्या पहाटे डोंगर नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात तिसऱ्यांदा झोपलेला होता. फळीवरचा स्टीलचा पेला खाली पडला, तो सरांनी उचलून ठेवला आणि कूस बदलली. जलील त्या दिवशी उजाडता उजाडता कुदळी भरलेल्या ट्रकमधून किल्लारीकडे गेला होता आणि आठ दिवसांनी परतला होता. तो कुठल्याच बोर्डावर नव्हता. त्याने तशी अपेक्षाही केली नव्हती. फ्लेक्सचा दर त्याला ठाऊक होता.

जलीलने कामाला हात घातला. ब्राउझर काढून पुन्हा टाकला, मग दुसराच टाकला. साठलेल्या फायली पुसल्या, बाकीची प्लगइनं बंद केली. खरी परीक्षा उघडायची सोय नव्हती, म्हणून तो दर वेळी नमुना परीक्षा लावून बघे. नमुन्यात दहाच प्रश्न. ती कधीच पडत नसे.

"सरांनी बरोबर दहाच ठेवलेत," सदफ म्हणाली. "लई हुशार आहेत."

त्यावर जलीलच्या डोक्यात काहीतरी हललं. नमुना सोडवताना त्याने बाजूला मेमरीचा आलेख उघडून ठेवला. पहिल्या प्रश्नाला हिरवी रेघ एक पायरी चढली. दुसऱ्याला आणखी एक. दहाव्याला ती छताला टेकली.

"दर प्रश्नाला काय आणून ओततंय हे?"

प्लगइन आलं होतं महाज्ञानच्या माहितीपुस्तकाबरोबरच्या सीडीवर. जलीलने त्याचं फोल्डर उघडलं. प्रश्नांची फाइल चिमूटभर. तिच्या शेजारी म्हैस बसावी तशी एक फाइल पसरली होती: 'सर चौक फायनल फायनल'.

त्याने ती उघडली. कॉम्प्युटर बराच वेळ कण्हला. मग सरांची एक मिशी दिसली. बाजूला सरकवत गेल्यावर बऱ्याच वेळाने दुसरी.

परीक्षेच्या कोपऱ्यात नखाएवढे दिसणारे सर मुळात चाळीस बाय वीस फुटांचे होते. बसवराजने बोर्डाची फाइल उचलून जशीच्या तशी आत घातली होती, आणि प्लगइन दर प्रश्नाला ते अख्खं होर्डिंग नव्याने उभं करत होतं, आधीचं न उतरवता. अकरावे सर मावत नव्हते.

"डिलीट मारा, अब्बा."

"नको. फाइल दिसली न्हाई तर ते उघडणारच न्हाई. सर पाहिजेतच. फक्त लहान पाहिजेत."

जलीलने सर पासपोर्ट आकाराचे केले, त्याच नावाने ठेवले आणि नमुना पुन्हा लावला. हिरवी रेघ जमिनीवर पडून राहिली. सदफने तिसरी संधी उघडली. अकरावा गेला, बारावा गेला, आणि दोन तासांनी शंभरावाही गेला.

संध्याकाळी महाज्ञानच्या साइटवर यादी लागली. तीत एकच नाव होतं: सदफ जलील शेख, क्रमांक पहिला. सरांनी लगेच चौकात बातमी सोडली, की परीक्षेचा दर्जाच असा ठेवलाय, जिल्ह्यातून एकच मुलगी शेवटपर्यंत टिकली.

जलीलने पेढे आणले. सदफने पेढा हातात धरून ठेवला.

"अब्बा, मी एकटीच धावले तर पहिली येणारच की."

"सीट मिळाली न तुला? बास."

"त्या निलंग्याच्या तनुजाची पण एकच संधी राहिलीय. भीतीनं उघडत न्हाई ती. मला फुकटची फीमाफी नको."

"सगळ्यांचं चालू केलं अन् तू चाळिसाच्या बाहेर गेलीस तर?"

"तर जाईन," सदफ म्हणाली. पण पेढा तिने खाल्ला नाही.

जलील बराच वेळ सहा कॉम्प्युटरांकडे बघत बसला. मग त्याने सहाही मशीनवरचे सर लहान केले. शुक्रवारी सकाळी पुठ्ठ्याची एक पाटी दाराला टांगली, तिथल्याच 'लॅमिनेशन करून मिळेल'च्या खाली:

'महाज्ञानचे सर लहान करून मिळतील.'

दहापर्यंत रांग कोपऱ्यापर्यंत गेली. कोण पेनड्राइव्ह घेऊन आलं, कोण अख्खा सीपीयू मोटरसायकलवर बांधून. निलंग्याची तनुजा बापाला घेऊन आली. "लहान म्हंजी किती लहान?" बापाने विचारलं. "जेवढे आहेत तेवढे," जलील म्हणाला.

यादी भरत गेली तशी सदफ खाली घसरत गेली. शुक्रवारी दुपारी नववी, संध्याकाळी एकवीस. शनिवारी चारला पस्तीस. पाच वाजायला दहा मिनिटं असताना ती अडतिसावर होती आणि जलील घड्याळाकडे न बघता माउस पुसत होता. पाच वाजले. अडतीसच राहिली. सदफने परवाचा पेढा कागदातून काढला आणि उभ्याउभ्या खाल्ला.

सव्वापाचला बसवराज दारात येऊन उभा राहिला. पाटी वाचून त्याने मागेपुढे बघितलं.

"जलीलभाई, सरांनी ही पाटी उतरवायला सांगितलीय."

"उतरवतो."

"उतरवा निवांत." त्याने शर्टाखालून एक पेनड्राइव्ह काढला आणि आवाज खाली आणला. "आधी हाफिसातले तेवढे करून द्या. तिथं अकराव्या नावाच्या पुढं निकालच उघडंना झालाय. अन् सरांना सांगू नका."

"किती लहान करू?"

बसवराजने चौकातल्या बोर्डाकडे एकदा मान वळवली. मग अंगठा आणि बोट जवळ आणून माप दाखवलं, आणि विचार करून ते आणखी थोडं जवळ आणलं.