कागलचा लाल ठिपका

“हरलास तर पलीकडच्या पेठेची जांभळी जर्सी घालायची. आन् म्याचला त्यांच्यात बसून त्यांच्या गोलला नाचायचं. बोल, हाय तयारी?”

पिराजीनं पैज टाकली आणि ज्ञानूच्या चहाच्या टपरीवर सगळ्यांच्या माना वळल्या. शिवाजी पेठेत भावकीची भांडणं मिटतात, फुटबॉलची मिटत नाहीत. दुसऱ्या पेठेची जर्सी अंगाला लावण्यापेक्षा माणूस उघडा फिरेल.

समोर बसलेल्या जिनेंद्रनं कप खाली ठेवला. “आन् तू हरलास तर?”

“तर मी घालतो की!”

“मग हाय तयारी.”

“ऐकलं रं सगळ्यांनी!” ज्ञानू ओरडला. “पंच मी.”

पैज होती जिनेंद्रच्या नव्या कामावर. दोघं एकाच कंपनीत. लोखंड ओतून गाड्यांचे सुटे भाग करायचे, असे कंपनीचे तीन कारखाने: शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल. ऑडिटवाले येऊन चुका काढून जायचे. इथं मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर जाळी नाही, तिथं आग विझवायचा सिलिंडर रिकामा, मापाचं गेज तपासलेलं नाही. त्या चुका दुरुस्त झाल्या का, हे तिन्हीकडं फिरून बघायचं काम जिनेंद्रला मिळालं होतं. टॅबवर प्रत्येक चुकीचा एक लाल ठिपका. दुरुस्ती जिनेंद्रनं डोळ्यांनी बघायची, फोटो काढायचा, मग ठिपका हिरवा. पुण्याचं बडं गिऱ्हाईक तपासणीला येणार होतं. तोवर सगळं हिरवं दिसलं तर जिनेंद्र कायमचा सेफ्टी ऑफिसर, नाहीतर परत स्टोअरच्या खिडकीत.

सगळं हिरवं होणार नाही, अशी पिराजीची पैज. आणि खात्री असायला कारण होतं. कागलच्या शेडचा सुपरवायझर तोच होता.

दोघं कंपनीत लागले एकाच आठवड्यात. आता जिनेंद्रला कंपनीची स्कूटर, पांढरं हेल्मेट, तिन्ही गेटवर सलाम. पिराजीला एक शेड आणि तिचा धूर. बरं, शेडमधली जळजळ शेडमध्येच ठेवावी, तर ती घरी आधीच पोचलेली असायची.

“जिनूभावजी आलंतं,” त्याची बायको बनाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. “जाता जाता गॅसची नळी बघितली. म्हणालं, वैनी, चिरा पडल्यात, बदला.”

“आता आमच्या चुलीचं पण ऑडिट व्हय?”

“बघणारं माणूस बघतंय. न्हाय त्ये...”

“न्हाय त्ये काय?”

“न्हाय त्ये भाकरी खातंय. खावा.”

पिराजीनं नळीकडं पाठ केली आणि भाकरी खाल्ली.

त्याच्या शेडमधले ठिपके एकेक करून हिरवे झाले. राहिला एकच. ओतलेला माल साफ करायचं एक मशीन होतं. आत लोखंडी छर्रे गोळीसारखे सुटायचे. दार उघडलं की मशीन आपोआप थांबायला हवं. पण दाराचा स्विच मोडला होता, कुणीतरी वायरी थेट जोडून टाकल्या होत्या, आणि दार उघडलं तरी आतलं चालूच राहायचं. नवा स्विच येऊन पिराजीच्या खणात पडला होता, वर पेपर झाकून.

“स्विच आला का रे?” जिनेंद्र दर फेरीला विचारायचा.

“पुण्यासनं निघालाय म्हणं. लंगडत येत असंल.” पिराजी मिशीत हसायचा.

तपासणीच्या आदल्या दिवशी जिनेंद्र पुन्हा आला. सगळं हिरवं, कागलचा एक लाल. मॅनेजर विजयसिंह कासावीस झाले.

“अहो, शिरोलीला अस्संच मशीन आहे की! रंगसुद्धा तोच. त्याच्या दाराचा फोटो टाका. कोण बघतंय?”

पिराजी कान टवकारून उभा. जिनेंद्रनं तो फोटो टाकला असता तर पिराजीची पैज गेली असती. तरी पिराजीला वाटत होतं, टाक. एकदा तरी मळू दे ह्या माणसाला.

“टाक की जिनू. आमी काय सांगतोय व्हय कुणाला?”

जिनेंद्रनं मशीनच्या दाराकडं बोट केलं. “साहेब, फोटोतलं दार शिरोलीचं असंल. आत जाणारा हात कागलचा असंल.”

त्यानं मेन स्विच पाडला, त्याला कुलूप घातलं, ‘चालू करू नये’ची पाटी लावली. ठिपका लालच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गिऱ्हाइकाकडनं तपासणीला आलेल्या बाईंनी टॅबवर नेमकं त्या ठिपक्यावरच बोट ठेवलं. “हा का राहिला?”

“स्विच बसला नाही, मॅडम. म्हणून मशीन बंद ठेवलंय.”

बाई उठून कुलूप ओढून बघून आल्या. “एक लाल दाखवलाय, म्हणजे बाकीचे हिरवे खरे दिसतायत,” म्हणाल्या. विजयसिंहांनी त्यांच्यासमोरच जिनेंद्रची पाठ थोपटली. ऑफिसर पक्का.

म्हणजे पैज पिराजीनं जिंकली होती.

दुपारी त्यानं खणातलं स्विचचं खोकं काढून जिनेंद्रपुढं ठेवलं. जिनेंद्रनं खोक्यावरची धूळ बोटानं पुसली, बोटाकडं बघितलं.

“आला वाटतं लंगडत,” एवढंच म्हणाला. स्विच बसेपर्यंत टॉर्च धरून उभा राहिला.

रविवारी म्याच. पिराजी हलगीवाला घेऊन जिनेंद्रच्या दारात हजर. जिनेंद्र बाहेर आला तो जांभळी जर्सी घालून, इस्त्री केलेली. आई रत्नाबाई उंबऱ्यात उभी होती.

“पोट आत घे की रे बाबा. घालायचीच हाय तर नीट दिसू दे.”

पेठेत शिट्ट्या, आरोळ्या. “गद्दार! गद्दार!” पिराजी सगळ्यात पुढं. पण चौकात ज्ञानूनं हलगीवर हात ठेवला.

“गप रं! बोलला त्ये केलं गड्यानं. तुमच्यात हाय का कोण?”

तिथनं पुढं लोक जिनेंद्रच्या बरोबरीनं चालू लागले. पिराजी पुढं एकटाच पडला.

स्टेडियमवर जिनेंद्र समोरच्या गर्दीत जाऊन बसला. आणि पहिला गोल नेमका त्यांचाच झाला. सारी जांभळी बाजू उसळली. जिनेंद्र उठला. दोन्ही हात वर करून नाचला. ताल नव्हता, ठेका नव्हता, पण अंग चोरलं नाही, खोटं काही केलं नाही.

इकडं पिराजीच्या शेजारी कुणीतरी हसलं. मग कुणीतरी टाळी वाजवली. बघता बघता गोल खाल्लेली आपली सगळी बाजू समोरच्या एका माणसासाठी टाळ्या वाजवत होती.

पिराजीनं आपले हात मांडीखाली दाबून धरले होते.