मी हेडफोन नव्हे

मित्रांनो, या पत्र्याच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला, भुशाने माखलेला, कानांवर घालून आवाज अडवायचा जो जुना इअरमफ तुम्हाला दिसतो आहे, तो मी. दोन वाट्या, आत स्पंजाच्या गाद्या आणि त्यांना जोडणारी एक कमान, एवढेच माझे शरीर. या घरात बहुतेक सगळे मला हेडफोन म्हणतात. हेडफोनमधून गाणी येतात. माझ्यातून काहीही येत नाही, आणि तेच माझे काम आहे. इतकी साधी गोष्ट ज्यांना कळत नाही, त्यांच्या घरात मी इतकी वर्षे काढली.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यात प्लॅस्टिक ओतले, गाद्या चिकटवल्या, कमानीचा ताण तपासला आणि मला खोक्यात भरले. तिथून मी हैदराबादच्या कोठी भागातल्या बाजारात आलो. तिथे पल्लवीने मला उचलले. पल्लवी भौतिकशास्त्राची पदवीधर. तिने मला उलटेसुलटे पाहिले, खोक्यावरचे बारीक आकडे वाचले, कमान ताणून पाहिली आणि मगच मला घेतले. मला वाटले, आपले नशीब उघडले. पण ती मला स्वतःसाठी घेत नव्हती. ती मला तिच्या बाबांसाठी घेत होती.

तिचे बाबा म्हणजे किशोरराव. मूळचे पुण्याचे, नोकरीमुळे हैदराबादेत आले आणि दिलसुखनगरला घर बांधून राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर पत्र्याची शेड घातली आणि तिच्यात गोल करवत, रंधा-मशीन, लाकडात खाचा पाडणारा राउटर अशी एकापेक्षा एक ओरडणारी यंत्रे आणून ठेवली. पत्र्याखाली आवाज सगळा बाहेर जात नाही, तो आपटून परत येतो. हे कळायला भौतिकशास्त्र लागत नाही, डोके लागते. शेजारच्या खलीलभाईंनी एकदा खालूनच विचारले होते, "क्या साब, छत पे जहाज उतारे क्या?" किशोररावांना ते कौतुक वाटले.

"बाबा, मशीन लावलं की हा घालायचा. दर वेळी," पल्लवी म्हणाली होती.

"हौ," किशोरराव म्हणाले. हैदराबादचा हा 'हौ' त्यांना फार आवडे. इथे आल्यापासून 'हो' म्हणणे त्यांनी सोडूनच दिले होते.

पल्लवी लग्न होऊन गेली आणि मी खिळ्याला गेलो.

माझा उपयोग अगदीच झाला नाही असे म्हणता येणार नाही. घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचा असला की मी गळ्यात असे. गल्लीत मिरवणुकीचे स्पीकर लागले की किशोरराव मला कानावर चढवून गॅलरीत बसत आणि म्हणत, "लोकांना काही तारतम्य म्हणून नाही." मिरवणूक गेली की मला काढून ते रंधा-मशीन सुरू करत. दुसऱ्याचा आवाज म्हणजे गोंगाट आणि आपला आवाज म्हणजे काम, असे त्यांचे शास्त्र.

"अहो, कान फुटतील एक दिवस," रंजनाताई जिन्यातून ओरडत. त्या त्यांच्या पत्नी.

"मला सवय झालीय!"

सवय! मित्रांनो, हा शब्द ऐकला की माझ्या गाद्या आक्रसतात. कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते आणि तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. उंच, बारीक आवाज ओळखणाऱ्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या असतात, म्हणून पहिला मार त्यांनाच बसतो. त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या मेल्या की यंत्राचा त्रास कमी होतो. मेलेल्याला त्रास होत नाही, आणि यालाच किशोरराव सवय म्हणत होते.

बसचा हॉर्न त्यांना ऐकू येई. दार आपटलेले ऐकू येई. त्यामुळे आपले कान ठणठणीत आहेत असे ते छाती काढून सांगत. पण कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येईना, आणि बोलण्यातला 'स' हळूहळू निघून गेला. 'स' म्हणजे नुसती हवेची बारीक सळसळ. तो गेल्यावर वाक्य भोकाभोकांचे ऐकू येते. भोके दिसू नयेत म्हणून ते प्रत्येक गोष्टीला 'हौ' म्हणू लागले. चहा घेणार का, हौ. गॅस बंद केला का, हौ. रंजनाताई कौतुकाने म्हणत, "पुरते हैदराबादी झालेत हे!" इतक्या वर्षांच्या संसारात एवढे कळू नये, याचे मला आजही नवल वाटते.

पल्लवी बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा किशोररावांनी नातवंडासाठी पाळणा करायला घेतला. सागवानी, चारी बाजूंनी उभ्या गजांचा. पल्लवीला जिना चढायची मनाई होती. एका दुपारी करवत थांबल्याबरोबर ती खालूनच ओरडली, "बाबा, दोन गजांत सहा सेंटीमीटर हं! जास्त नको!"

"हौ!"

"आणि मफ घातलाय ना?"

"हौ!"

मी खिळ्यावरून बघत होतो. त्यांनी टेप ओढली आणि फळीवर खुणा केल्या. दहावर. सहामधला 'स' गळला की उरते नुसते 'हा'. ते त्यांच्या कानापाशी आले आणि पुढचे त्यांनी मनाने भरले. एकदा विचारले असते तर? पण विचारणे म्हणजे ऐकू आले नाही हे कबूल करणे. त्यापेक्षा लाकूड कापणे सोपे.

बारशाच्या सकाळी पाळणा खाली नेला. रंजनाताईंनी त्याला झालर आणि झेंडूच्या माळा लावल्या, त्यात गजांमधली जागा झाकून गेली. पाळणा आपण केला हे पाहुण्यांना सांगावे लागू नये म्हणून किशोरराव मला गळ्यात अडकवून फिरत होते, डॉक्टर नळी घेऊन फिरतात तसे.

आधी वरवंटा पाळण्यात घालायची पद्धत आहे, ती किती बरी! वरवंट्याला टोपरे घातले, दुपट्यात गुंडाळले आणि बाळाची आत्या स्नेहा हिने तो पाळण्यात ठेवला. बायकांनी झोका दिला. दुसऱ्याच झोक्याला वरवंटा घरंगळला, झालर उचलून दोन गजांमधून सरळ बाहेर आला आणि फरशीवर आदळला. फरशी तडकली.

"अगंबाई, गुंडोबा पळाला!" स्नेहा म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

रंजनाताई हसल्या नाहीत. त्यांनी झालर वर केली आणि गजांमधून हात घातला. हात दंडापर्यंत आत गेला.

"अहो, हे काय केलंत? इथून बाळ गेलं असतं!"

हसू जागच्या जागी थांबले. पल्लवीने कुशीतली मुलगी घट्ट धरली.

"हिनेच दहा सांगितले!" किशोरराव म्हणाले.

"मी सहा म्हणाले, बाबा. तुम्ही हौ म्हणालात."

"दहा म्हणालीस! मी काय बहिरा आहे?"

पल्लवीने मुलगी स्नेहाच्या हातात दिली, बाबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी म्हणते ते म्हणा. सहा."

"दहा."

"दहा."

"दहा. तेच तर म्हणतोय मी!" किशोरराव म्हणाले.

सगळ्यांचे चेहरे पाहिल्यावर किशोररावांना कळले, पहिला आकडा दहा नव्हता. मी त्यांच्या गळ्यातच होतो. कानापासून वीतभर खाली.

मुलीला आईच्या मांडीवर ठेवून बारसे उरकले. स्नेहाने बाळाच्या कानात कुर्र् केले आणि मग नाव मोठ्याने सांगितले.

"काय ठेवलं?" किशोररावांनी विचारले.

"सई," स्नेहा म्हणाली.

"आई?"

एक-दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. पल्लवीने मोबाइलवर दोन अक्षरे मोठी करून त्यांच्यासमोर धरली. आजोबांनी नातीचे नाव वाचले. ऐकले नाही, वाचले.

त्या संध्याकाळी मला कानावर नीट दाबून बसवून त्यांनी पाळण्याचे गज काढले आणि आणखी गज घालून पुन्हा बसवले, सहावर. तेव्हापासून यंत्र लागले की मी त्यांच्या कानावर असतो. माझे कौतुक करू नका. उरलेले राखणे एवढेच मला जमते. गेलेला 'स' आणून देणे कुठल्याही इअरमफच्या हातात नाही, आणि 'सवय झाली' म्हणणाऱ्या माणसाची मला आजही दया येत नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असेच उघड्या कानांनी यंत्र चालवत असेल, तर त्यांचा हात धरून यंत्र बंद करायला लावा आणि आजच सांगा. अजून त्यांना ऐकू येते आहे तोवर.