आंबेमोहोरातली कॅसेट

उत्रोलीच्या आनंदरावांच्या घरात टीव्ही लावणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हतं. टीव्हीचा रिमोट वेगळा, डिशच्या डब्याचा वेगळा, स्पीकरच्या पेटीचा तिसरा आणि शोकेसच्या खालच्या फळीवर बसलेल्या म्हाताऱ्या व्हीसीआरचा चौथा. चारही रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरून रबर लावलेले, त्यामुळे लांबून चौघं एकाच आईची लेकरं. नूतनबाई बातम्या लावायला गेल्या की आवाज बंद व्हायचा, आवाज आणायला गेल्या की पडदा निळा व्हायचा. "ह्यापरीस चिखलात उभं राहून भात लावलेला बरा," असं म्हणून त्या रिमोट टाकून उठायच्या.

आनंदरावांचं तसं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म ह्याच यंत्रांत गेला होता. नव्वद सालाच्या सुमाराला भोरात स्टँडमागे त्यांचं व्हिडिओचं दुकान होतं. टीव्ही, व्हीसीआर आणि जनरेटर जीपमध्ये टाकून ते वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर जायचे. जत्रेला, बारशाला पिक्चर लावायचे, लग्नाचं शूटिंग करायचे. त्यांनी "पुढची माणसं खाली बसाऽ" म्हणून आवाज दिला, की पुढची राहोत, मागच्या झाडावर चढलेली पोरंसुद्धा बसून घ्यायची.

तो आवाज दोन वर्षांपूर्वी गेला. तंबाखूनं घसा धरला, पुण्याला ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली. माणूस वाचला, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण आता गळ्याशी रुमाल, मांडीवर पाटी आणि बायकोला बोलवायचं तर स्टीलच्या पेल्यावर चमचा. एकदा टण म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे चहा, आणि टणटणटण म्हणजे रिमोट कुठं ठेवलास.

नूतनबाई उठून जायच्या, पण ती टणटण त्यांना सोसत नव्हती. गुरवानं देवळात घंटा वाजवावी हे ठीक. नवऱ्यानं बायकोला वाजवून बोलवावं हे काही खरं नव्हे.

आता खोटं कशाला बोला, आवाज होता तेव्हा तरी आनंदराव कुठं नावानं हाक मारत होते? आधी "अगं ए", मग "ऐकलं का", आणि लेक झाल्यावर "सोनियाची आई". गावाची रीतच तशी. चारचौघांत बायकोचं नाव घेणाऱ्याला लोक बाईलवेडा म्हणत, आणि बायकोनं नवऱ्याचं घ्यायचं ते फक्त उखाण्यात. स्वतःच्या लग्नात तर उखाण्याची वेळ आली तेव्हा हा गडी जनरेटर बघायला म्हणून जो मांडवाबाहेर गेला, तो जेवणालाच उगवला.

उभ्या जन्मात त्यांनी नूतन हे नाव एकदाच तोंडानं घेतलं होतं, आणि ते एका कॅसेटवर होतं.

एक्याण्णव साल. मार्गासनीचं लग्न. लाइट धरणारा गेनू आदल्या दिवशी तापानं फणफणला, म्हणून आनंदरावांनी बायकोलाच जीपमध्ये बसवलं आणि तिच्या हातात तो मोठा दिवा दिला. दिवसभर नूतन दिवा धरून नवऱ्याच्या मागं मागं. संध्याकाळी नवरानवरीचे उखाणे झाले आणि बायकांची नजर हिच्यावर गेली. "ही व्हिडिओवाल्याची मंडळी की! हिलाबी नाव घ्यायला लावा!" कुणीतरी दिवा काढून घेतला आणि तिला कॅमेऱ्यापुढं ढकललं. तिनं कसंबसं नाव घेतलं. मग सगळ्या कॅमेऱ्याकडं वळल्या, "आता तुमी!" पळायला जागा नव्हती. डोळा कॅमेऱ्यालाच ठेवून आनंदरावांनी त्या खणखणीत आवाजात उखाणा घेतला होता.

पुढं दुकान बंद झालं तेव्हा सगळ्या कॅसेटी भंगारात गेल्या. नूतनबाईंनी ही एक पदराखाली घालून घरी आणली आणि आंबेमोहोराच्या डब्यात तळाशी पुरली. पावसाळ्यात कॅसेटीला बुरशी येते, कोरड्या तांदळात ठेवावी, हे आनंदरावांनीच शिकवलेलं. डब्यातला तांदूळ दर साली बदलला, कॅसेट तीच राहिली.

ऑपरेशन झाल्यापासून नूतनबाईंच्या मनानं एकच घेतलं होतं. आपलं नाव त्या आवाजात एकदा ऐकायचं. मोबाईलवर आनंदरावांचा आवाज होता, नाही असं नाही, पण तो शेवटच्या वर्षाचा, घोगरा, आणि त्यात सगळं "हॅलो, रेंज न्हाई, नंतर कर" एवढंच. मात्र हे नवऱ्याला सांगायचं कसं? ज्याचं गेलं त्याच्याच पुढं ते मागायचं कसं? म्हणून त्या गप्प होत्या.

दिवाळीच्या आधी आठ दिवस सोनिया वरव्याहून माहेरी आली ती घराची सफाई करायला आणि येताना एक नवा रिमोट घेऊन. चारही यंत्रं एकाच रिमोटवर चालतात म्हणे, फक्त एकदा शिकवावं लागतं.

"आबा, ह्यो शिकवून ठेवा. आई माझं डोकं खाती फोनवर," ती म्हणाली. मग खालच्या फळीकडं बोट करून, "आन् ह्यो व्हीसीआर काढा आता. उद्या दुपारी भंगाराचा टेम्पो येतोय, म्या सांगितलंय त्याला."

आनंदरावांनी पाटीवर लिहिलं, 'ने.'

"न्हाई," नूतनबाई एकदम म्हणाल्या. दोघंही त्यांच्याकडं बघायला लागली. "म्हंजी, चालत असला तर ऱ्हाऊ दे की. त्योबी शिकवा रिमोटला. न्हाई चालला तर न्या."

"काय बघनार हाईस त्यात?" सोनियानं विचारलं.

"मी काय बी बघीन. माझं घर हाय."

सोनिया भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदराव पाट मांडून बसले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या हाताला त्यांचं काम मिळालं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. पिशव्या सोडून रिमोट पुसले, सेल बदलले. मग नवा आणि जुना असे दोन रिमोट नवरानवरीसारखे पाटावर समोरासमोर ठेवले. नव्याचं शिकायचं बटण दाबून धरलं की लाल दिवा लागायचा. मग नव्याचं एक बटण दाबायचं, लगेच जुन्याचं तेच दाबायचं, आणि दिवा दोनदा मिचकावला की समजायचं, शिकला. टीव्ही शिकवून झाला. डिश झाली. स्पीकरची पेटी झाली. नव्या रिमोटवर एक मोठं पिवळं बटण होतं, त्याला तीन-चार कामं ओळीनं नेमून देता यायची. आनंदरावांनी त्याला शिकवलं: टीव्ही व्हीसीआरच्या वायरीवर आण, पेटी चालू कर, व्हीसीआर चालू कर आणि कॅसेट फिरव.

सगळं शिकला, पण व्हीसीआर ढिम्म. त्याच्या अंगावरची बटणं शहाण्णव साली जीपमधून पडून मोडली होती, तेव्हापासून तो रिमोटशिवाय हलत नव्हता. आनंदरावांनी जुना रिमोट मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढं धरून बघितला. एरवी डोळ्याला न दिसणारा रिमोटचा दिवा मोबाईलच्या पडद्यावर नीट लुकलुकत होता. म्हणजे रिमोट बरा. वायर बघितली, वायर बरी. जवळून दाबलं, लांबून दाबलं, शेवटी यंत्राला दोन चापट्या मारल्या. काही नाही. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'डोळा गेला याचा. मेला.'

नूतनबाईंना काय वाटलं ते त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. "बरं," एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन तांदळाच्या डब्याकडं बघत बसल्या. त्यांना रडू आलं. तेहतीस वर्षांपूर्वीची, जिवापाड राखलेली कॅसेट, आणि ती फिरवणारं एकच यंत्र दुपारी टेम्पोत जाणार.

पण घरातली वस्तू धुळीची कशी पाठवायची? परक्याच्या दारात गेली तरी तिच्याबरोबर घराचं नाव जातं. म्हणून जेवणं झाल्यावर त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि व्हीसीआर पुसायला बसल्या. वरची धूळ निघाली. मागच्या जाळीतला कोळी निघाला. मग पुढचा भाग. पुढं मधोमध बोटभर रुंदीची, काळपट लाल काचेसारखी एक खिडकी होती, आणि तिच्यावर हळदीकुंकवाचा थर. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या सगळ्या अवजारांची पूजा व्हायची. विळा, कोयता, शिलाई मशीन, गाडी आणि आनंदरावांच्या पोटापाण्याची यंत्रं. दरवर्षी नूतनबाई व्हीसीआरला हळदकुंकू लावायच्या आणि दरवर्षी नेमकं तिथंच, कारण यंत्राचं कपाळ म्हणावं असं त्याला तेवढंच होतं. दहा-बारा दिवसांपूर्वीचं कुंकू सगळ्यांत वर होतं. त्याखाली पंधरा-वीस दसरे वाळून बसले होते. लालावर लाल, कुणाला दिसणार?

त्यांनी खोबरेल तेलाचं बोट लावून तो थर सोडवला. आतून काच चमकली. त्यांचा हात थांबला.

"अवो," त्यांनी हाक मारली, "यंत्र कुठनं बघतं रिमोटला?"

आनंदराव आले. त्यांनी फडक्यावरचं लाल बघितलं, काच बघितली, मग बायकोकडं बघितलं.

"म्याच लावलं दर साली," त्या म्हणाल्या. "कपाळ समजून डोळ्यातच घातलं की वं!"

आनंदरावांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसत होते, गळ्यावरचा रुमाल धरून. मग त्यांनी पिवळं बटण दाबलं. पडदा निळा झाला, पेटी खरखरली, आणि म्हातारा व्हीसीआर आतल्या आत घर्रर्र करून जागा झाला.

नूतनबाई उठल्या. डब्यात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी कॅसेट काढली, फुंकरीनं तांदूळ उडवले आणि यंत्रात सारली. आनंदरावांनी भुवया उंचावून विचारलं, कसली? "बघा," त्या म्हणाल्या.

आधी नुसत्या पांढऱ्या रेघा. मग मार्गासनीचा मांडव, वाजंत्री, आता कुठंच न दिसणारी माणसं. आनंदराव पुढं सरकले. आपलंच शूटिंग त्यांनी ओळखलं. बऱ्याच वेळानं पडद्यावर पंचविशीतली एक पोरगी आली, घामेजलेली, लाजून चूर. आणि पेटीतून, सगळं घर भरून, तो आवाज आला.

"गुंजवणीच्या काठाला आंबेमोहोर भात, नूतनचं नाव घेतो, क्यामेऱ्यावर हात! काय गं, नूतन?"

चित्र हललं, कारण कॅमेरा धरणारा हसत होता. बायका ओरडत होत्या, "अगं, नावानं हाक मारली त्यानं, ओ दे की! ओ दे!" पडद्यावरच्या पोरीनं तोंडावर पदर घेतला आणि पळून गेली. ओ काही दिली नाही.

आनंदरावांनी टीव्ही बंद केला. रिमोट ठेवला, उठले आणि मागच्या अंगणात जाऊन पाठमोरे बसले. नूतनबाई दाराशी उभ्या राहिल्या, पण पुढं गेल्या नाहीत. आपण चुकलो, असं त्यांना वाटलं. आपल्या हौसेसाठी आपण ह्या माणसाच्या जखमेवर हात ठेवला, असं वाटलं. तेवढ्यात टेम्पोचा भोंगा वाजला. सोनिया बाहेरून ओरडली, "आई, द्यायचा का गं त्यो?"

"जुनी कढई दे, न् त्यो मोडका पंखा दे," नूतनबाई म्हणाल्या. "दुसरं काय न्हाई."

टेम्पो गेला. त्या स्वयंपाकघरात येऊन चकलीची भाजणी चाळायला बसल्या. बाहेर अंगणातून पावलं आत आल्याचं ऐकू आलं, मग खुर्ची सरकल्याचं. आता पेला वाजेल, असं त्यांच्या मनात आलं. चार वाजत आले होते, चहाची वेळ.

पेला वाजला नाही. यंत्र घर्रर्र करून मागं फिरल्याचा आवाज आला, थांबला, परत थोडा फिरला. आनंदराव नेमकी जागा शोधत होते. मग पिवळ्या बटणाची टिक. आणि बाहेरच्या खोलीतून, तेहतीस वर्षांपलीकडून, खणखणीत हाक आली.

"काय गं, नूतन?"

नूतनबाईंच्या हातातली चाळण तशीच राहिली. बाहेर त्या बायका ओरडत होत्या, ओ दे, ओ दे. पिठाचे हात पदराला पुसत त्या उठल्या.

"ओ!" त्या म्हणाल्या. "आले, आले. चहा टाकते."