आंबेकोंडाचा वर्ग

बॅनर काढून खाली घेऊन ये, असं ऑफिसातून दोनदा बजावलेलं असताना सारिका त्याच्या दोरीला आणखी एक गाठ मारत होती. देवळाच्या मंडपाच्या खांबांना बांधलेल्या त्या बॅनरवर संस्थेचं नाव, खाली देणगीदार कंपनीचं नाव आणि मधोमध एका हसऱ्या मुलीचा फोटो होता. ती मुलगी आंबेकोंडातली नव्हती, पोलादपूर तालुक्यातलीही नसावी. तरी गेली तीन वर्षं तिच्याच साक्षीने इथल्या पोरांनी बाराखडी गिरवली होती. गाठ पक्की बसल्याची खात्री करून सारिका पायरीवर बसली आणि गावकीची माणसं जमायची वाट पाहू लागली.

गेल्या आठवड्यात संस्थेच्या महाडच्या ऑफिसात श्रीधर सरांनी तिला समोर बसवून चहा मागवला होता. सर स्वतःहून चहा मागवतात तेव्हा बातमी धड नसते, हे एव्हाना तिला कळत होतं. कंपनीच्या मदतीची मुदत मार्चअखेर संपत होती. नवी मदत मिळाली होती, पण ती वरंधकडच्या गावांसाठी. उमरठच्या वर डोंगरात असलेल्या आंबेकोंड या वाडीतला संध्याकाळचा वाचनवर्ग बंद करायचा होता.

"मुलं आत्ता कुठे वाचायला लागलीत, सर."

"म्हणूनच तर अहवालात यशस्वी असं लिहिलंय."

"यशस्वी झाला म्हणून बंद करायचा?"

सरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता. वर मान डोलवायची आणि खाली समजूत घालायची, यात त्याचे केस पिकले होते. "गावानेच मागणी केली, तर मला वर तोंड उघडता येईल," ते म्हणाले. "तू वरंधला जा. पण गाव काय म्हणतं ते मला सांग."

एवढा धागा सारिकाला पुरेसा होता. ती सावित्रीकाठच्या तुडील गावची. हट्टाला पेटली की सावित्रीचं पाणीसुद्धा मागे फिरवेल, असं तिची आई म्हणायची, आणि ते काही कौतुकाने म्हणायची नाही. पोरगी डी.एड. झाली तेव्हा शाळेत लागेल असं घरच्यांना वाटलं होतं, आणि ती लागली संस्थेत. महिन्याला जे हातात पडे त्याला पगार नव्हे, मानधन म्हणायचं. त्यात मान किती आणि धन किती, हा मामीचा दर दिवाळीचा विनोद. "हे ठीक आहे गं, पण नोकरी कधी बघणार?" असं विचारणाऱ्या एका स्थळाला तर तिने स्वतःच नकार दिला होता.

पण पोलादपूरच्या स्टँडवर वर्गातल्या शकूने चुकीच्या गाडीत चढलेल्या आपल्या आजीला हाताला धरून खाली उतरवलं होतं. का, तर गाडीची पाटी तिने वाचली होती. ही गोष्ट शकूची आजी येसूबाई सगळ्या कोंडात सांगत सुटली. सारिकाच्या कानावर आली तेव्हा तिने आधी ती खोटी असेल असं धरलं, मग शकूला विचारलं, आणि मग घरी जाताना सगळी वाट एकटीच हसत उतरली. मामीला हे सांगण्यात अर्थ नव्हता.

शिमग्याचे दिवस होते. मुंबईकर गावी आले होते, पालखी घरोघरी नाचून परत देवळात आली होती, आणि दुपार कलल्यावर गावकी बसली. पुरुष मंडपात, बायका पायरीखाली. बाईमाणसाचं काही म्हणणं असलं तर ते पुरुषाने मांडायचं, ही इथली रीत. सारिकाने गावच्या मुंबई मंडळाच्या सेक्रेटरीला, मंगेशला, आधीच गाठून ठेवलं होतं. पालखीच्या खर्चावरचं बोलणं संपल्यावर तो उभा राहिला.

"मॅडमचा एक पॉइंट हाय. क्लास बंद होतोय. तर गावानं जरा सपोर्ट करावा, असं त्यांचं म्हणणं हाय."

तो बसलाही. दोघातिघांनी माना हलवल्या आणि कुणीतरी पाण्याच्या टाकीचा विषय काढला. सारिका पायरीखाली बसून होती ती ताडकन उठली आणि मंडपात जाऊन उभी राहिली. बायकांमध्ये कुजबुज झाली.

"मीच सांगते," ती म्हणाली. "पोरं आता गोष्टीचं पुस्तक वाचतात. अजून वर्षभर बसली तर पुढे कुठेही अडणार नाहीत. आत्ता सोडलं तर पावसाळा संपेपर्यंत सगळं विसरतील. हे मी दुसऱ्या गावात डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही सगळ्यांनी संस्थेकडे मागणी करा. वर्ग चालू राहिला पाहिजे."

गावकीचा कारभार कुशाबा बघायचा. तो बराच वेळ खांबाला टेकून ऐकत होता.

"मागणी संस्थेकडं?"

"हो."

"संस्था कुणाकडं मागती?"

"कंपनीकडे."

"आणि कंपनी नाय म्हणाली की?"

"एकदा मागून तर बघू या," ती म्हणाली.

"आज हो म्हणंल, पुढच्या शिमग्याला परत नाय म्हणंल. तू परत हितं अशीच उभी ऱ्हाशील." कुशाबा गाभाऱ्याकडे वळून बोलू लागला. "देवाचा दिवा आजवर कदी इझला काय? कोण कंपनी येती तेल घालाय? घराला पाळी हाय. ज्या घरची पाळी, त्या घरचं मानूस सांजचं येतं, दिवा लावतं. तेच मानूस पोरांजवळ बसंल. दिवा आणि वर्ग, एकच पाळी."

मंगेशला हसू आवरेना. "बाबा, निम्म्या घरांत नुसती म्हातारी मानसं हायत. ती काय शिकवणार?"

"शिकवायचं कोण म्हनलं?" पायरीखालून आवाज आला. येसूबाई पुरुषांच्या बैठकीत बोलली होती, आणि आपण बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटल्यासारखं दिसलं. पण आता थांबणं शक्य नव्हतं. "समोर कुनी बसलं नाय तर पोरगी पुस्तक उघडीत नाय. मला कुठं येतंय? तरी रोज ऐकतंय ना मी तिचं? चुलीवरची भाकर करपू नये म्हणून कुनीतरी जवळ लागतंच."

"आणि बॅनर?" मंगेशने विचारलं.

"ऱ्हाऊ दे," कुशाबा म्हणाला. "वाऱ्याला आडोसा होतो."

सगळे हसले. सारिकाला हसू आलं नाही. तिला रागच आला होता. तीन वर्षांची प्रशिक्षणं, मुलागणिक केलेली तयारी, जोडाक्षरांसाठी हाताने कापलेले पुठ्ठे, आणि यांच्या लेखी ते सगळं दिव्यात तेल घालण्याइतकं सोपं! मग तिच्या ध्यानात आलं, की कोंडाने तिची मागणी फेटाळली नव्हती. ती मागत होती त्याहून जास्त दिलं होतं. वर्ग बंद होणार नव्हता.

"मग मी रविवारी येत जाईन," ती म्हणाली. "माझ्या सुट्टीत. त्यात संस्थेचा काही संबंध नाही."

येसूबाई पायरी चढून वर आली आणि तिने सारिकाचा हात धरला.

"येव नको गो बाय. पाऊस सरंपातूर तरी येव नको."

"का?"

"तू आलीस की पोरं तुझ्या तोंडाकडं बघतील. आमच्याकडं मग कोन बघंल?"

महाडच्या ऑफिसात संस्थेत नव्याने लागलेल्या मुलामुलींना शिकवताना सारिका हेच सांगायची: शेवटी गावानेच हे चालवायला हवं, आपण बाजूला व्हायला हवं. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून सांगायची. तेच बोलणं आपल्याला ऐकावं लागलं की इतकं झोंबेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ते लपवायलाही तिला जमलं नाही. येसूबाई हात सोडीना.

"नाही येत," सारिका म्हणाली. मग तिने पुन्हा नीट सांगितलं. "पाऊस संपेपर्यंत नाही येत. तुम्ही चालवा."

पाळी त्या दिवशी येसूबाईच्याच घरची होती. बैठक उठली, पुरुष पाण्याच्या टाकीकडे गेले, उन्हं डोंगराआड गेली. येसूबाईने दिवा लावला, देवाला हात जोडले आणि पोरांच्या मध्ये पदर सावरून बसली. काही पोरं खुदुखुदु हसली. तिने नुसतं बघितल्यावर ती गप्प झाली. शकूने पुस्तक उघडून बोटाने ओळ धरली आणि वाचायला सुरुवात केली. दोन ओळी सरळ गेल्या. तिसऱ्या ओळीतल्या एका जड शब्दापाशी ती अडली आणि सवयीने तिने मान वर करून सारिकाकडे पाहिलं.

शब्द सारिकाच्या तोंडात आलाच होता. तिने ओठ मिटून घेतले, पिशवी खांद्याला लावली आणि चपला शोधायला खाली वाकली.

"तिकडं काय बघतेस? हिकडं बघ," येसूबाई म्हणाली. "मला पन नाय येत. पयलं अक्षर कंचं हाय, ते तरी सांग."

सारिका देवळाच्या पायऱ्या उतरून वाटेला लागली. मागे शकू एकेक अक्षर उच्चारत होती. शब्द पुरा झाला की नाही ते ऐकायला सारिका थांबली नाही. तिला खाली उमरठला शेवटची गाडी गाठायची होती, आणि सकाळी वरंधला जायचं होतं.