कुप्यावरची पाखरं

तात्सुएई मारू ही जपानच्या याइझू बंदरातली लाकडी बोट. कुपा मासा धरण्यात तिची हयात गेली. मग महायुद्धात आरमाराने तिला करडा रंग फासला, पुढच्या टोकाला नाळेवर तोफ आणि आत तारायंत्र बसवलं, आणि भर समुद्रात पहाऱ्याला उभं केलं. काम एकच. शत्रूची विमानं दिसली की टोकियोला कळवायचं. कळवल्यावर बोटीचं काय, ते कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या दोन बोटी परतल्या नव्हत्या, त्यातच काय ते आलं.

बोट चालवणाऱ्या तांडेल सेन्झोला युद्धाचं सोयरसुतक नव्हतं. धाकट्या बहिणीचा नवरा यासुजी जिवंत घरी जावा, एवढंच त्याला हवं होतं. तसा शब्द त्याने बहिणीला दिला होता. आज पाळी संपत होती, संध्याकाळी बदलीची बोट येणार होती.

"तांडेल, रोज भात नि खारवलेला मुळा! आता माझाच मुळा होणार," यासुजी कुरकुरला.

"होऊ दे. बहीण मुळ्याशीही संसार करील. पण अख्खा न्यायचाय तुला."

एवढ्यात क्षितिजावर काळे ठिपके दिसले. सेन्झो सवयीने ओरडला, "पाखरं! पाखरं!"

पाखरं म्हणजे खाली कुपा. पहाऱ्यावर मासेमारीला बंदी होती, तरी त्या हाकेसरशी लपवलेले बांबूचे गळ बाहेर निघाले. तोफेवरचेसुद्धा तोफ सोडून धावले.

"नक्की पाखरंच ना?" आरमाराच्या कुरोदासाहेबांनी विचारलं.

"साहेब, आईचं दूध सुटलं तेव्हापासून तीच बघतोय."

भूक साहेबांनाही होती. "वळवा. लवकर उरका."

कुप्यावरची पाखरं पाण्यात सूर मारतात. सेन्झो वाट बघत राहिला. एकही ठिपका खाली येईना. ठिपके नुसते मोठे होत होते. तो कुरोदासाहेबांकडे वळून ओरडला.

"साहेब, तार करा! पाखरं नाहीत ती!"

तारवाल्याचा हात यंत्रावर जाईस्तोवर पहिला बॉम्ब पडला आणि डोलकाठी यंत्राच्या तारेसकट कोसळली. टोकियोला एक अक्षरही गेलं नाही. यासुजी गळ हातात धरून मागे वळला, सेन्झोकडे बघून काही बोलणार होता. पुढचा बॉम्ब तिथेच पडला.

सेन्झो एका बांबूला मिठी मारून तरंगत होता. घसा बसेपर्यंत त्याने यासुजीला हाका मारल्या. आपल्या डोळ्यांनीच आपला घात केला, हे त्याला पुरतं कळलं होतं. बॉम्बने मेलेले मासे पोट वर करून भोवती तरंगू लागले. थोड्या वेळाने पाखरं आली, खरीखुरी, आणि पाण्यात सूर मारू लागली. सवयीने त्याचं तोंड उघडलं. पण हाक ऐकून धावायला कुणी उरलं नव्हतं.